आमची धाकटी, सॉफ्टवेअर टेस्टर

आमच्या धाकटीला 'मला नाय समजलं' असं म्हणायची कधी लाज वाटली नाही. लग्न होऊन ती आमच्या रोह्याच्या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना तिनं माझ्या नवऱ्याला विचारलं, "दादा, तुम्ही कंपनीत नक्की करता काय?" तो केमिकल कंपनीत शिफ्ट इन-चार्ज. "प्लांट बघतो," तो म्हणाला. "बघता म्हणजे काय करता? मला नाय समजलं." आणि ज्या माणसाकडून दोन वाक्यं काढायला मला अख्खी संध्याकाळ लागते, तो हात वाळेपर्यंत तिला व्हॉल्व्ह आणि प्रेशर समजावत बसला. इतकी वर्षं संसार करून मला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. धाकट्या जावेबद्दल वाटलेला माझा हा पहिला हेवा. पुढे बरेच झाले.

मी पेणची, शाळामास्तरांची मुलगी. आमच्या घरी ज्याला उत्तर येतं त्याचं कौतुक. प्रश्न विचारणारा तो 'कच्चा'. मी कॉम्प्युटर इंजिनीअर झाले, ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी केली, आणि मुलगी झाल्यावर ती सोडली. त्यानंतर रोह्यातल्या एका क्लासमध्ये एक्सेल आणि टॅली शिकवू लागले. तरी घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळत. तेवढी एक जागा माझी होती. धाकटीनं एकदा विचारलं, "ताई, कंपनीत तुम्ही कसलं काम करायचात?" म्हटलं, "जावामध्ये कोडिंग." ती खो खो हसली. "म्हणजे जावाजावांनी मिळून करायचं का ते?"

ती खांब गावची, बी.कॉम. झालेली. एका दुपारी आम्ही वाल सोलत बसलो होतो तेव्हा म्हणाली, "ताई, सॉफ्टवेअर कंपनीत जायला इंजिनीअरच लागतो काय?" मला बोलायला आवडलं असणार, कारण मी वाल बाजूला ठेवून सगळं सांगितलं. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे, ते चालतात की नाही हे तपासणारे टेस्टर वेगळे, आकड्यांतून अर्थ काढणारे डेटावाले वेगळे, ग्राहकांच्या अडचणी सोडवणारे सपोर्टवाले वेगळे. शेवटच्या तीन वाटांनी कॉमर्सची मुलंही आत जातात. फक्त हातानं केलेलं काहीतरी दाखवता आलं पाहिजे. ती 'टेस्टर'पाशीच अडकली. "म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर पगार? आपल्या घरात हे काम फुकट चाललंय." सासूबाई आतून म्हणाल्या, "ऐकू येतंय गो मला."

तेव्हापासून तिनं दिसेल ते तपासायला घेतलं. गॅस बुकिंगच्या अ‍ॅपमध्ये पुढच्या सालातली जन्मतारीख टाकायची, नावाच्या जागी नुसती टिंबं द्यायची, पैसे भरताना मधेच नेट बंद करायचं. "मोडशील फोन!" असं सासूबाई ओरडायच्या. सापडलेल्या चुका ती रीतसर इंग्रजीत लिहायची आणि मी ते इंग्रजी दुरुस्त करायचे. डेटाबेसमधून माहिती कशी काढायची तेही मीच शिकवलं. दोन तक्ते जोडायची रीत मला कॉलेजात एका झटक्यात कळली होती. तिला आठवडा लागला. रोज संध्याकाळी ती तोच प्रश्न नव्यानं घेऊन यायची, आणि मी मनातल्या मनात सुखावायचे. पण कळलं तेव्हा ते असं कळलं की तिनं मला एक प्रश्न विचारला आणि मला पुस्तक उघडावं लागलं. त्या दिवशी तिच्या भाजीत मीठ कमी होतं. ते मी सगळ्यांसमोर सांगितलं.

नोकरीसाठी तिनं किती ठिकाणी अर्ज केले ते तीच जाणे. नकार आला की मोठ्यानं वाचून दाखवायची. मुलाखती ऑनलाइन असत आणि नेटवर्क फक्त माझ्या खोलीच्या खिडकीपाशी, म्हणून ती माझ्याच टेबलाशी बसायची. मी दारामागे उभी. एकदा समोरच्या साहेबांनी काहीतरी अवघड विचारलं. धाकटी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सर, हे मला येत नाही. तुम्ही कसं केलं असतं?" मी कपाळाला हात लावला. आणि ते साहेब चक्क सांगू लागले! ती मधेमधे शंका काढत होती, ते हसत होते. बेलापूरच्या त्या छोट्या कंपनीनं तिला घेतलं.

मग सकाळच्या गाडीनं ती निघू लागली. तिचं गळ्यात घालायचं ओळखपत्र खुंटीवर माझ्या पर्सशेजारी लटके. मला ते बघवत नसे. त्याहून बघवत नसे ते सासूबाईंचं पहाटे उठणं. तिचा डबा त्या भरायच्या, पाण्याची बाटलीसुद्धा. गाडी जिते स्टेशनात अडकली असा तिचा फोन आला की देवापुढे उभ्या राहायच्या. माझी नोकरी सुटली तेव्हा याच बाईंनी 'बरं' एवढंच म्हटलं होतं. एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, माझ्या वेळी नाही कुणी पहाटे उठलं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तू येऊन सांगितलंस, नोकरी सोडते म्हणून. मी बरं म्हटलं. मला वाटलं, तुलाच नको झाली. हिनं विचारलं, आई, मी जाऊ का, सकाळचं तुम्ही बघाल का? मी म्हटलं, बघते." डबा पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "तू एकदा तरी विचारायचंस गो."

त्या दिवशी क्लासमध्ये मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दोनेक वर्षांनी धाकटीला पुण्यात मोठ्या पदाची नोकरी मिळाली. दिरानंही तिकडेच काम बघितलं. सामान बांधता बांधता ती म्हणाली, "ताई, आमच्या जुन्या कंपनीत सपोर्टला माणूस हवाय. मधे नोकरी सुटलेल्या बायकांनाही घेतायत. तुमचं नाव देऊ?" जिला मी पहिली ओळ शिकवली, तिनं माझं नाव पुढे करायचं! नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सासूबाई समोरच बसल्या होत्या. मी म्हटलं, "दे. आणि आई, मला मिळालं तर संध्याकाळी छोटीचा अभ्यास तुम्ही घ्याल?"

"घेईन. इंग्रजी नाय हां," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्या मुलाखतीत मी गप्प बसले. जे येत नव्हतं तिथे गप्प, आणि घाबरून जे येत होतं तिथेही गप्प. नकार आला. धाकटी फोनवर म्हणाली, "एकच ना? माझे विसरलात काय?" रोज संध्याकाळी पुण्याहून ती माझी तयारी घेऊ लागली. तिचा तो शिकवणारीचा आवाज मला अजिबात आवडत नसे, आणि तिचा फोन उशिरा आला की मी अस्वस्थ होई. अखेर पनवेलच्या दुसऱ्या एका कंपनीत मला सपोर्टचं काम मिळालं. आठवड्यातून एकदा ऑफिस, बाकी घरून.

पहिल्या दिवसाचं काम संपल्यावर तिचा फोन आला. मी सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कुठे अडले, कुठला ग्राहक ओरडला. ती म्हणाली, "ताई, मला तुमचा हेवा वाटतो."

"माझा? कशाचा?"

"तुम्ही टेबलाशी असताना आई चहा आणून देत असतील ना? मी इथं कुलूप उघडून अंधारात दिवा लावते."

खरं सांगायचं तर ते ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या समोर चहाचा कप होता, बशीत दोन बिस्किटं.

"हो," मी म्हटलं. "चहा दिला. आणि गरम भजी."