उतरत्या दुपारचा सेनापती

मालिकांचा मला मुळातच राग. त्यातून ती चिनी, हिंदीत डब केलेली आणि प्रेमाची. पण पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये मला कोण विचारतंय? पाटसहून सुटलेली कंपनीची बस मला चौफुल्याला घ्यायची आणि पारगावचा पूल ओलांडून शिरूरकडे निघायची, तोवर आम्हा पॅकिंगच्या बायकांचा कालचा भाग सुरू झालेला असायचा. बघायला वेळ कुणालाच नसे. एकच ताई बघायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या.

ताई पाटसच्या. मालक दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेलेले, मूलबाळ नाही. सांगायच्या मात्र अशा, की ड्रायव्हरसुद्धा गाणी बंद करायचा. गोष्टीत औषधं देणारी एक मुलगी आणि एक सेनापती. सेनापती लढाईत मेला, तरी गोष्ट संपेना. मेल्यावर तो रोज उतरत्या दुपारी तिच्या दाराशी यायला लागला. तीनदा कडी वाजवायचा, पाणी मागायचा. एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी. एकीनं म्हटलं, चुकून एक भाग मी पाहिला, त्यात असलं काही नव्हतं. त्यावर ताई म्हणाल्या, मालिकेत कापलंय, मूळ कादंबरीत आहे, मी मोबाईलवर वाचते.

मी पडले चिकित्सक. ती कादंबरी मी हिंदीत शोधून काढली आणि जेवणाच्या सुट्टीत आणि घरी गॅसपाशी उभी राहून पंधरा दिवसांत संपवली. तिच्यात सेनापती मरतच नाही. जखमी होऊन परत येतो, लग्न होतं, मुलं होतात. दुपार नाही, कडी नाही, पाणी नाही. ताईंची थाप पकडल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करते. पाटसच्याच एका बाईला मी हसत हसत हे सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, ताईंच्या मालकांना रस्त्यावरून उचललं तेव्हा एका पायातली चप्पल सापडलीच नव्हती.

त्यानंतर मी ताईंकडे बघायला घाबरू लागले. त्या वाळत चालल्या होत्या. डबा उघडून तसाच बंद करायच्या. एका बुधवारी सकाळी त्यांनी सांगितलं, आता शेवटचा भाग राहिला. सेनापती तिला म्हणालाय, गुरुवारी तुझी सुट्टी असते, आवरून बस, मी न्यायला येतो. बायका हळहळल्या. चिनी राजाच्या राज्यात आमच्या कंपनीची गुरुवारची सुट्टी कुठून आली, हे कुणालाच खटकलं नाही. मला मात्र खटकलं.

परतताना मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. भुतंखेतं मी मानत नाही, पण बाई हातची जाणार हे मला दिसत होतं. उद्या माझ्याकडे या म्हटलं, तर नको म्हणाल्या. मग म्हटलं, ताई, मीसुद्धा ती कादंबरी वाचली. शेवटी ती दार उघडत नाही. पाणी उंबऱ्याबाहेर ठेवते आणि आतूनच सांगते, प्या आणि जा, मला अजून जगायचंय. धडधडीत खोटं बोलले. असं लिहिलंय? ताईंनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

गुरुवार कसा काढला, माझं मला ठाऊक. दुपारी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. शुक्रवारी चौफुल्याला बस थांबली तेव्हा मी बाकीच्यांना आधी चढू दिलं. चढले, तर ताई खिडकीशी बसून चक्क चिवडा खात होत्या. मला रडूच आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला.

त्या हळूच म्हणाल्या, "न्हाई उघडलं दार. पानी भाईर ठिवलं व्हतं. तांब्या रिकामा झाला."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"लई येळ हुबं व्हते हे. मग इचारलं, तुला हे कुणी शिकवलं?"

खाली नदी लागली, पूल सरला.

"त्यांच्याशी कवा खोटं बोलले न्हाई मी," ताई म्हणाल्या. "तुमचं नाव सांगितलं."