वेषांतर शब्दाचा वाक्यात उपयोग

किनवटच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा वेषांतर हा शब्द आला की मी पोरांना त्याचा वाक्यात उपयोग करायला लावायचे. सगळ्यांचं वाक्य एकच: राजा वेषांतर करून प्रजेत फिरत असे. मलाही वाटायचं, हे काम राजेलोकांचं. आपल्यासारख्यांना कोण ओळखतंय, म्हणून वेष पालटायचा?

रिटायर झाल्यावर कळलं, आपल्यालाही ओळखू बघणारे लई असतात. नातीला डॉक्टर व्हायचंय. लातूरला क्लास लावला, पण होस्टेलचं जेवण सोसलं नाही, काविळीनं आडवी पडली. आता कुणी सोबत राहून रांधून घालणार असेल तरच लातूर, नाहीतर गपगुमान घरी. मग मी निघाले. नांदेडला साहेब झालेला माझा लेक खोली बघायला सोबत आला. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही पत्ता लागत नाही. पहिल्या घरी विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" लेकानं सांगितलं, बौद्ध. आम्ही पायरीवर उभे असतानाच ती खोली भरली. दुसऱ्या घरीही तसंच झालं.

तिसऱ्या घरच्या मालकीणबाईंनी विचारलं, "कुलदैवत कोणतं तुमचं?" लेक म्हणाला, "माहूरची देवी." पाढा म्हटल्यासारखं, पटकन. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव पैनगंगेत सोडले होते. लेकानं एका वाक्यात ते वर काढले. खोली मिळाली.

मग माझी तयारी सुरू झाली. वंदनेला नेसायची पांढरी साडी न्यायची नाही. 'हाव' नाही, 'हो' म्हणायचं. बुद्धाची तसबीर टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. आणि फोनवर जय भीम म्हणायचं नाही.

"मग काय म्हणू?"

"हॅलो म्हण."

"कुणाला?"

"मलाच, आई. पोरीच्या वर्षाचा प्रश्न हाय."

साहेबांचा 'हाय' तेवढा निसटला.

राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. पण नात पुस्तकात मान घालून बसलेली दिसली की गिळायचे. सकाळी पलंगाखाली वाकून हात जोडायचे, तर ती म्हणायची, "आजी, चप्पल शोधून राहिली का?"

मालकीणबाई जिवाला जीव देणाऱ्या, हेही सांगितलं पाहिजे. धपाटे केले की दोन माझ्या ताटात. दुपारी देवाच्या वाती वळायला माझ्याजवळ येऊन बसायच्या. बघून बघून मीही शिकले. "मावशी, तुमच्या हातची वात कशी एकसारखी. आता देवाला तुमच्याच लावते," म्हणायच्या. "लावा की," मी म्हणायचे. लई हसू यायचं, अन् हसायची सोय नव्हती.

अशाच एका दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी. माझे दोन्ही हात कापसात, म्हणून मालकीणबाईंनीच तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढं धरला.

"जय भीम, आई."

माझाच लेक, ऑफिसच्या फोनवरून. मला एवढं पढवलं आणि स्वतःच विसरला.

मालकीणबाईंची वात बोटातच थांबली. आत नातीचं पाठांतर थांबलं. उत्तर माझ्या ओठावर होतं, जन्मभर ते न बोलावता येत आलंय. मी म्हणाले, "राँग नंबर."

मालकीणबाईंनी फोन ठेवला. "कोण होतं हो?"

"कुणाचा तरी लेक. आईला शोधून राहिला होता."

त्यांनी माझ्याकडं थोडं बघितलं. मग, "कुठून कुठून फोन येतात, बाई," म्हणत नवा कापूस घेतला. खोली वाचली. आत पाठांतर पुन्हा सुरू झालं. माझी वात मात्र पहिल्यांदाच वाकडी आली.

तेवढ्यात फोन परत वाजला. तोच नंबर. मालकीणबाईंनी पुन्हा स्पीकरवर टाकला.

"हॅलो, नमस्कार," अगदी पुण्याच्या माणसासारखा आवाज. "काकू आहेत का?"

ज्याला मी बोलायला शिकवलं, तो मला काकू म्हणत होता. मी वात खाली ठेवली.

"न्हाईत," मी म्हणाले. "त्या किनवटलाच राहिल्या."