फवारणीचा सदरा

आमच्या घरात गायींचं दूध बायकांनी काढायचं आणि गायी कोणत्या ठेवायच्या हे पुरुषांनी ठरवायचं. मी लग्न होऊन वलगावजवळच्या या गावात आले तेव्हापासून हेच पाहते आहे. हे लिहितानाही माझं डोकं तापतं, पण लिहितेच.

त्या वर्षी गायींसाठी साठवलेलं कुटार पावसात भिजून सडलं. चार गायींना पुरेल एवढा चारा उरला नव्हता, म्हणून एक काढायची ठरली. मारकी असेल ती काढायची, इथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं. कोणती मारकी हे ठरवायला निघाले माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. आयुष्यात एकदाही सडाला हात न लावलेला माणूस!

त्यांची परीक्षा सोपी होती. हातात काठी घ्यायची, गोठ्यात शिरायचं आणि प्रत्येक गायीच्या पुठ्ठ्यावर थाप मारायची. जी लाथ झाडेल ती गेली. कपाशीवर फवारणी करून ते तसेच आले होते, अंगात तोच औषधाने पिवळा पडलेला सदरा. चितरी कडबा चघळत उभी राहिली. ही चितरी रोज माझ्या बरगडीत शिंग खुपसू पाहते. बाकीच्या दोघींनी मानसुद्धा वर केली नाही. तांबडीने मात्र दुरूनच नाक फेंदारलं आणि थाप पडायच्या आत लाथ झाडली.

"हे गाय मारकी हाय," ते म्हणाले. "बुधवारी बाजारात नेऊन टाकतो."

मारकी म्हणून विकलेली गाय बाजारातून पुढे कुठे जाते, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच विचारत नाहीत.

तांबडीने लाथ का मारली हे मला पक्कं माहीत होतं. आदल्या वर्षी जेठांनी शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या गवतावर औषध मारलं आणि घरात कोणालाही सांगितलं नाही. तिच्या वासराने ते गवत खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत वासरू मेलं. त्याला ओढत बाहेर नेणारे हेच, आणि अंगात हाच सदरा. त्या वासाचा माणूस जवळ आला की तांबडी आजही थरथरते. जनावराला कळलं, पण घरातल्या कर्त्या माणसाला कळलं नाही! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, भाऊसमोर कोण बोलून राहिलं." मला दोघांचाही सारखाच राग आला.

मंगळवारी सकाळी अकोल्याकडचा एक ओळखीचा माणूस आला. त्याला घरच्या दुधासाठी एक गाय हवी होती. जेठ शेतातून आले ते पुन्हा तसेच, त्याच सदऱ्यात. तांबडी दावं ताणून मागे सरली आणि तिने त्यांच्या दिशेने लाथ झाडली. पाहुणा दोन पावलं मागे झाला. "नाही जमत आपल्याले, घरी लहान लेकरं हायेत," असं म्हणून तो चपला घालायला लागला.

आमच्यात सुनेने जेठाशी तोंडावर बोलायचं नसतं. चौदा वर्षं मी ते पाळलं होतं. त्या दिवशी पदर कमरेला खोचला आणि बोलले.

"भाऊजी, गाय मारकी नाही. तुमी थो सदरा काढून या, मंग पाहा. वासरू कशानं मेलं होतं तिचं?"

पाहुण्यासमोर वाद नको म्हणून जेठ सदरा काढायला घरात गेले. मी तांबडीचं दावं सोडलं, तिला मोकळ्या अंगणात आणलं, मागचे पाय न बांधता खाली बसले आणि दूध काढायला लागले. ती रवंथ करत उभी राहिली. मध्येच तिने माझी पाठ चाटली. पाहा, डोळे फाडून पाहा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. आता चितरीच जाणार, याची मला खात्री होती.

पाहुणा चपला काढून परत आला. "अशी गरीब गाय कुठं भेटते? हेच द्या मले."

सौदा तिथेच झाला. जेठांना राग आला नव्हता, उलट ते खूश होते. "बरं झालं तू दोहून दाखवलं," ते मला म्हणाले. "नाही तं बाजारातच गेली असती."

खरंच होतं ते. बाजारातून ती वाचली होती आणि तिला चांगलं घर मिळत होतं. तरी त्या क्षणी मला त्यांचा सदरा टराटरा फाडावासा वाटला. चूक यांची, आणि गाय माझी जाणार!

दुपारी गाडी आली. तांबडी फळीवर पाय ठेवेना. चौघांनी ओढून पाहिलं, मागून ढकललं. शेवटी जेठ म्हणाले, "तू चढ समोर."

मी चढले. ती गुपचूप माझ्या मागे चढली आणि माझ्या हाताला नाक लावून उभी राहिली. तेव्हा मला तिचाच सगळ्यात जास्त राग आला.