खापराला गाव असते

संपादक मंडळाने माझ्याकडे प्रसन्न लेख मागितला आहे. प्रा. इंदुमती वझुरकर यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीचा हा ग्रंथ आहे, त्यात कटू काही नको, असेही कळवले आहे. बाईंविषयी खरे लिहायचे आणि कटू काही लिहायचे नाही, हे मला जमणारे नाही. लेख छापावा, नाहीतर परत करावा.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते देवगाव फाट्यावर. कॉलेजात नुकतेच नाव घातले होते आणि एसटीची वाट पाहत उभा होतो. रस्त्यापलीकडच्या नांगरटीत सुती साडीतल्या एक बाई कमरेत वाकून पाऊल पाऊल चालत होत्या. कानातले पडले असेल असे वाटून मी जवळ गेलो.

"बाई, काय हरवलं का?"

"हरवलं नाही, सापडायलंय," असे म्हणून त्यांनी माझ्या हातावर खापराचा एक तुकडा ठेवला. आतून काळा, बाहेरून तांबडा. "सातवाहनांच्या काळातल्या कुणाच्या तरी ताटाचा काठ आहे. धर नीट."

एसटी आली आणि गेली. मी तिथेच उभा होतो.

जुन्या वस्त्या मोडून जिथे मातीचे टेकाड होते, त्याला आपल्याकडे पांढरी म्हणतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी अशा कितीतरी पांढऱ्या आहेत. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता बाईंनी त्या पायी पालथ्या घातल्या. बरोबर भाकरीचा डबा आणि कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: गाव कोणते, शेत कुणाचे, टेकाडाची कोणती बाजू. ही बाई गुप्तधन शोधते, असे गावोगाव बोलले जाई. एका गावात त्यांच्या पिशव्या रस्त्यावर उलट्या केल्या गेल्या. बाईंनी खापरे पुन्हा भरली आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावी जाऊन पारावर बसून लोकांना ती एकेक करून दाखवली.

घरच्या शेतीसाठी वडिलांनी माझे शिक्षण थांबवले, तेव्हा बाई झरीला आमच्या रानात आल्या.

"दादा, तुमच्या रानातली खापरं नेते, तेव्हा तुम्ही अडवत नाही. मग पोरगं का देत नाही?"

"बाई, खापरं कुनी बी न्ह्या. पोरगं कामाचं हाय."

"म्हणूनच मागायले."

वडील हसले आणि मी कॉलेजात परतलो. आज झरीच्या शाळेत मी इतिहास शिकवतो तो त्या एका वाक्यामुळे.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. माझा वर्गमित्र सुदाम याची वस्ती जाळली गेली. जाळणारे परके नव्हते. सुगीला त्याच वस्तीतल्या माणसांना हाका मारून कामाला नेणारे होते. सुदाम आपल्या आईला घेऊन बाईंच्या दारात आला. बाईंच्या घरमालकाने दोघांना उंबऱ्यातूनच परत फिरवले. बाई त्यांना घेऊन तडक कॉलेजात आल्या आणि मागच्या बाजूची, खापरांच्या टोपल्यांनी भरलेली खोली त्यांनी उघडून दिली.

संस्थेचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी आले. आम्ही विद्यार्थी व्हरांड्यात उभे होतो.

"बाई, संस्थेची खोली हाय ही. धर्मशाळा न्हाई."

"साहेब, गावोगावच्या मेलेल्या माणसांची भांडी या खोलीत ठेवली, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. जिवंत दोन माणसं ठेवली तर बोलायलात?"

सेक्रेटरी निघून गेले. पण ते वाक्य ते विसरले नाहीत. सुदाम आणि त्याची आई त्या खोलीत राहिले. आई खापरे धुऊन वाळवी, सुदाम काळ्या शाईने एकेका तुकड्यावर गावाचे अक्षर आणि क्रमांक घाली. पुढे त्यांना दुसरीकडे जागा मिळाली तरी सुदाम रविवारी येत राहिला. दरम्यान त्या खोलीची वीज तोडली गेली, छपराची दुरुस्ती नाकारली गेली. विभागप्रमुखपद रिकामे झाले तेव्हा ते बाईंहून कितीतरी नवख्या माणसाला दिले. बाईंनी अर्ज केला, जाब विचारला, उत्तर मिळाले नाही. कॉलेजातला एकही प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. त्यांतल्या काहींचे लेख याच ग्रंथात बाईंच्या 'सोशिक स्वभावा'वर येणार आहेत, असे कळते. बाई सोशिक कधीच नव्हत्या. त्यांच्यावर लादले गेले ते पाहत बसण्याची सोशिकता आपली होती.

नव्या इमारतीच्या पायाभरणीला मंत्री यायचे ठरले. कॉलेजापुढच्या पटांगणात मोठा खड्डा होता आणि गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. बाई तेव्हा पूर्णेकाठी सर्वेक्षणाला गेल्या होत्या. सेक्रेटरींच्या सांगण्यावरून खोलीचे कुलूप तोडले गेले आणि टोपल्या खड्ड्यात ओतल्या गेल्या. पिशव्या झाडून रिकाम्या केल्या, चिठ्ठ्या वाऱ्यावर गेल्या. वर मुरूम टाकून रोलर फिरवला.

बाई परत आल्या, त्या दिवशी मी त्यांना भेटायला आलो होतो. पटांगणात एके ठिकाणी मुरूम खचला होता आणि त्यातून काळीतांबडी खापरे वर आली होती. त्या तिथेच खाली बसल्या. सेक्रेटरी जिन्यावरून म्हणाले, "बाई, खापरंच व्हती की. कुंभारवाड्यात लय पडलेत. गाडीभर आनून देतो."

बाईंचा आवाज मी एरवी वर्गाबाहेर चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो रस्त्यापर्यंत गेला. "तुम्ही गावंच्या गावं गाडली! अठराच्या अठरा वर्षं मी या जिल्ह्याला हिंडले, अन् तुम्ही त्यावर गाड्या उभ्या करणार?" प्राचार्य खिडकीत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

मग मी आणि सुदाम रजा टाकून कामाला लागलो. टिकाव मागितला तर संस्थेने दिला नाही, सुदामने पिंगळीहून पाहुण्यांचा आणला. आम्ही तिघांनी खड्डा उकरला. ज्यावर सुदामची शाई होती ती खापरे वेगळी काढता आली, पण ती थोडी होती. बाकीचा ढीग बिनक्रमांकाचा, रोलरखाली पुन्हा फुटलेला.

हे वर्तमानपत्रात आले आणि संस्थेची अब्रू जायची वेळ आली. तेव्हा सेक्रेटरी स्वतः बाईंच्या घरी गेले. मी तिथे होतो. कॉलेजात संग्रहालय काढू, बाईंना प्रमुख करू, अनुदान मिळवू. फक्त त्या ढिगातल्या तुकड्यांना अंदाजाने गावांची नावे लावून कपाटे भरून द्यायची.

"तुमच्याइतकं कुनाला कळतं? तुमी सांगाल ते गाव," ते म्हणाले.

आयुष्यभर ज्या संग्रहालयासाठी बाईंनी अर्ज केले होते, ते समोर आले होते. मग त्या म्हणाल्या, "जे कुठं सापडलं हे मला ठाऊक नाही, त्या खापराला मी खोटं गाव देणार नाही. उद्या एखादं पोरगं त्यावर विश्वास ठेवून इतिहास लिहील. त्याची फसवणूक मी करू? चहा घ्या आणि निघा."

संग्रहालय झाले नाही. बाई ज्या पदावर लागल्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या. मधल्या काळात त्यांनी पहिल्यापासून सगळे पुन्हा सुरू केले होते. पुन्हा त्याच गावी, त्याच पांढऱ्यांवर. पण आता ट्रॅक्टर आले होते. पांढरीची माती खत म्हणून शेतात गेली होती, कित्येक टेकाडे भुईसपाट झाली होती. एका सपाट रानाच्या बांधावर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथलं माझ्या खोलीत होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले ते तेवढ्याच वेळी. जे जळते ते पुन्हा बांधता येते, असे सुदाम स्वतःच्या वस्तीबद्दल सांगे. त्या बांधावर मात्र तो नुसती ढेकळे फोडून पाहत राहिला.

आता षष्ट्यब्दीचा समारंभ. संस्थेने सभागृह दिले आहे आणि बाईंना शाल घालणार आहेत तेच सेक्रेटरी. पत्रिका पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "तुम्ही नाही म्हणा. त्या हातून शाल घेऊ नका."

बाई बांधाबांध करीत होत्या. सुदामबरोबर दुधनेकाठी निघायचे होते. "शाल घेते," त्या म्हणाल्या, "पण नंतर मी बोलणार आहे. पत्रिकेत माझ्या भाषणाला जागाच नाही. तेवढी करायला सांग त्यांना. अन् मला मध्येच थांबवायचं नाही."

तो निरोप मी या लेखातून जाहीरपणे देतो आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे दुखायचे थांबोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, दुधनेकाठच्या उरलेल्या पांढऱ्या ट्रॅक्टरच्या आधी त्यांच्या पायाखाली येवोत. सुदामच्या दौतीतली शाई कधी न सरो. आणि समारंभाच्या दिवशी बाई बोलायला उभ्या राहतील तेव्हा पहिल्या रांगेतल्या कुणीही घाईचे निमित्त काढून उठू नये.