यंत्राला सुतक लागतं का?

विजेवर काडीचाही विश्वास नसलेली आणि माणसांवर त्याहून कमी असलेली अशी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच होती, आणि ती नेमकी माझी नणंद होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कचेरीत काँप्युटर आला, तेव्हा मोठमोठे साहेब त्याच्याकडे विंचवाकडे बघावं तसं लांबून बघत. आमच्या वन्सं पुण्याला जाऊन शिकून आल्या आणि त्या थंडगार खोलीच्या मालकीणच झाल्या. चपला बाहेर, छत्री बाहेर आणि तपकीर ओढणारे हेडक्लार्क तर व्हरांड्याच्याही बाहेर. जांभ्याची तांबडी धूळ आत येऊ नये म्हणून दारात ओलं पोतं असे. त्यावर पाय न पुसता आलेल्या साहेबांनाही त्यांनी एकदा दारातूनच परत पाठवलं होतं.

घरीही तोच कारभार. कुठलीही वस्तू एकच असली की त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. विळ्या दोन, कंदील दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन. लोणच्याची एक बरणी तर त्या शेजारच्या काकूंकडे ठेवत. "आपल्या घराला काही झालं तर?" त्यावर अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "घरच गेलं तर लोणचं घेऊन काय करशील?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "काकूंकडे भात असेल ना."

लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि काँप्युटरला त्या नुसतं 'तो' म्हणत. एकदा पडवीत बसून मला सांगत होत्या, "कालपासून तापलाय नुसता. सकाळी उठवला तर ढिम्म. मग मीही जरा वेळ लक्ष दिलं नाही, तेव्हा कुठे बोलायला लागला." दगडी गडग्यापलीकडे काकू तुळशीला पाणी घालत होत्या. संध्याकाळी त्या वाटीभर साखर घेऊन हजर! "काय गो, तुझ्या नणंदेचं जमलं आणि आम्हाला पत्ता नाही? पण प्रकृतीनं जरा नाजूकच दिसतो हो."

अप्पा गेले ते गणपतीच्या तोंडावर. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. आमचे हे पार कोलमडले. वन्संच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. मुंबईला तारा, लाकडं, पाहुण्यांची अंथरुणं, सगळं त्यांनीच पाहिलं. जमलेल्या बायका कुजबुजल्या, "यंत्रापाशी बसून बसून बाईचंच यंत्र झालं."

दहावाही व्हायचा होता, आणि एके सकाळी कचेरीची जीप अंगणात येऊन थांबली. साहेबांनी दुःखाची दोन वाक्यं बोलून घेतली आणि चुळबुळत म्हणाले, "बाई, पगाराची बिलं निघत नाहीयेत. तो उठतच नाही."

सणाआधी कुणाचाच पगार होणार नव्हता. पण सुतकातल्या बाईनं कचेरीत जायचं? पाहुण्यांत गलका उडाला. गुरुजी ओसरीवरच होते. साहेबांनी हात जोडून विचारलं, "गुरुजी, यंत्राला सुतक लागतं का?" गुरुजींनी डोळे मिटले. शास्त्राधार सापडणं कठीण दिसत होतं. तेवढ्यात कुणीतरी आठवण दिली की गुरुजींचा जावईही त्याच कचेरीत आहे. गुरुजींनी डोळे उघडले. "लोखंडाला कसलं आलंय सुतक?"

वन्सं उठल्या. "आपल्याकडे यंदा गणपती नाही. त्यांच्याकडे तरी येऊ दे." आणि मला म्हणाल्या, "चल सोबतीला."

खोलीत पाहतो तो हेडक्लार्कनी यंत्रापुढे उदबत्ती लावलेली! वन्संनी ती विझवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि आपल्या पर्समधून खराब झालेल्या फ्लॉपीची दुसरी प्रत काढली. दुपार कलता कलता प्रिंटर करकरू लागला आणि व्हरांड्यात अक्षरशः टाळ्या पडल्या.

साहेब जीप देत होते, पण वन्संना चालत यायचं होतं. वाटेत समुद्र दिसला तशा त्या थांबल्या. "उशीर झाला की अप्पा फाटकात उभे असायचे. 'ही काय वेळ झाली घरी यायची?' चाळिशी आली माझी, तरी ओरडायचे. आता कोण ओरडणार गो?"

आम्ही घराकडे चालू लागलो.

दिवस उरकले, वन्सं पुन्हा कामावर रुजू झाल्या. त्या संध्याकाळी दिवेलागण झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. मी जाऊन फाटकात उभी राहिले. त्या वळणावर दिसल्या तसा मी पदर खोचला. वयानं लहान, नात्यानं लहान! तरी जमेल तेवढा आवाज चढवून म्हटलं, "ही काय वेळ झाली घरी यायची?"

वन्सं जागच्या जागी थबकल्या. आधी हसल्या. "आवाज फारच बारीक लागला तुझा," म्हणाल्या, आणि फाटकाची कडी धरून तिथेच रडू लागल्या. मी त्यांची पर्स हातात घेऊन नुसती उभी राहिले. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "उद्याही ओरडशील ना?"

त्या निवृत्त होईपर्यंत मी ओरडत राहिले. आवाज मात्र अप्पांसारखा कधीच लागला नाही.