आत्याची थट्टा
तापाने फणफणलेलं आपलं माणूस भलतंच बोलू लागलं, तर तुम्ही हसाल की गाडी काढाल? तेलात हळद तापल्याचा वास आला की मला वणीजवळची आमची द्राक्षबाग आठवते. घडातले दाट मणी कापून विरळणी करताना आत्याच्या बोटाला कात्री लागली आणि तिने जखमेवर तेलात तापवलेली हळद दाबली. दोन दिवसांनी ती गोधडीत कुडकुडत होती. मी चहा घेऊन गेले, तर मलाच म्हणाली, “दादा, बैल सोडले का?” बैल तर कधीच विकले होते. आत्या जन्माची थट्टेखोर, वेलीआडून आवाज बदलून हाक मारायची आणि मला फसवायची, म्हणून आई म्हणाली, “वन्सं, तापात बी सोंगं सुचतात का तुम्हाला?” आम्ही सगळे हसलो. संध्याकाळी तिला धाप लागली, तेव्हा तिला नाशिकला नेलं. इमर्जन्सीतल्या डॉक्टर म्हणाल्या, “हा सेप्सिस आहे. जखमेतला संसर्ग अंगभर पसरलाय. बरळायला लागल्या तेव्हाच आणायचं होतं.” आत्या घरी आली नाही. बागेत विरळणी सुरू झाली की अजून वाटतं, ती वेलीआडून हाक मारेल आणि मी पुन्हा फसेन. ती हाक आता येणार नाही, म्हणून सांगते, जखम, ताप आणि बरळणं एकत्र दिसलं, तर हसू नका, धाप लागायची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा आणि थेट विचारा, “हा सेप्सिस तर नाही ना?”