पाचव्या गाण्यानंतर

माझ्या काकाला गर्दीचा भारी तिटकारा. बाजारातल्या नव्हे, पडद्यावरच्या. गाण्याच्या कार्यक्रमाची फिल्म लागलेली असावी आणि कॅमेरा गायकावरून प्रेक्षकांकडे वळावा, की हा कुरकुरलाच, "झालं, आली डोकी!" लोक गाणं ऐकायला येतात, डोकी बघायला नाही, असं त्याचं ठाम मत होतं. आणि त्याचं मत एकदा ठाम झालं की ते हलवायला क्रेन मागवावी लागायची.

त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. शिंप्याच्या दुकानावरची दीड खोली, अंधारा जिना आणि जिन्याच्या तोंडाशी हाताने रंगवलेली पाटी. सिनेमे काय, सगळेच ठेवायचे. काकाकडे मिळायचं ते दुसरीकडे न मिळणारं. मैदानांवरच्या मैफलींच्या फिल्म, लोक विसरून गेलेल्या गायकांवरचे माहितीपट, आणि तेरा भागांत बंद पडलेल्या चमत्कारिक मालिका. अशा मालिका बघणारे चाळीसच असतात, पण ते चाळीस मरेपर्यंत तिच्याबद्दल बोलत राहतात. एका मालिकेत म्हणे खाणावळीतलं एक दार शेवटपर्यंत कुणी उघडतच नाही. त्या दारामागे काय असेल यावर गिऱ्हाइकं काकाच्या टेबलाला टेकून तासन्‌तास वाद घालायची. काका म्हणायचा, "भिंत आहे मागे. दार नुसतं रंगवलंय." आणि सगळ्यांचा विरस करून टाकायचा.

दोन मशिनं एकमेकांना जोडून तो कॅसेटच्या नकला काढायचा. आता याला चोरी म्हणतात, तेव्हा याला लायब्ररी म्हणायचे. तीन तासांच्या एका कॅसेटवर दोन अख्ख्या मैफली बसवण्यात त्याचा हातखंडा होता. गाण्याला तो हात लावत नसे. गाणं तुटलं तर गिऱ्हाईक खवळतं. पण दोन गाण्यांच्या मधलं सगळं, टाळ्या, शिट्ट्या, वाद्यं जुळवणं, घाम पुसणं, डोकी, तो पॉजचं बटण दाबून गाळून टाकायचा. पॉज सोडला की मशीन आधी जरा मागे सरकायचं आणि मग पकडायचं, म्हणून बटण पुढचं गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी सोडावं लागे. ती जागा त्याला नेमकी सापडायची. त्यासाठी तो तोच तुकडा दहा-पंधरा वेळा पुढे-मागे करून बघायचा. गिऱ्हाइकं त्याला 'कात्री' म्हणायची. मला लहानपणी वाटायचं, हे नाव त्याच्या जिभेमुळे पडलंय.

आणखी एक खोड होती. विकतच्या कॅसेटची टेप चांगल्या प्रतीची असते. तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून पाठीवरचा प्लॅस्टिकचा एक तुकडा तोडलेला असतो. काका त्या भोकावर चिकटपट्टी डकवायचा आणि खुशाल भरायचा. स्वच्छ नक्कल हाताशी असताना मूळ कॅसेट काय पूजेला ठेवायची आहे, असा त्याचा सवाल. हे सगळं मला कळलं ते फार उशिरा, आणि ज्या दिवशी कळलं त्याच दिवसाची ही गोष्ट आहे.

माझे बाबा म्हणजे काकाचा थोरला भाऊ. मी दहा महिन्यांची असताना तापाने गेले, चार दिवसांत. त्यांचे अकरा फोटो आहेत आणि अकराही फोटोंत ते शाळेतल्या रांगेत उभे असल्यासारखे ताठ. ते चालायचे कसे, वळून बघायचे कसे, मला काही माहीत नाही. पण आई सांगायची की ते एका फिल्ममध्ये आहेत. मैदानावर एक मैफल झाली होती, कुठल्याशा छोट्या कंपनीने ती चित्रित केली, आणि पाचवं गाणं संपल्यावर कॅमेरा गर्दीवरून फिरतो त्यात चार सेकंद बाबा दिसतात. आईने ती फिल्म काकाच्या दुकानात एकदाच पाहिली होती. "कसे दिसतात ग?" मी विचारायचे. "दिसतात आपले," ती म्हणायची. "तेव्हा काय माहीत, नीट बघून ठेवायला हवं होतं."

त्या चार सेकंदांसाठी मी काकाचा पिच्छा पुरवला. "शोधतोय ग," तो म्हणायचा, आणि शोधत होता हे खरं. लायब्ररी कधीच बंद पडली होती, त्या दीड खोलीत आता तो राहायचा. तो जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं टाकायचा, लोकांच्या माळ्यांवर चढायचा, बुरशी आलेल्या कॅसेटी पोत्याने घरी आणायचा. त्याच्या खोलीत भिंती दिसायच्या बंद झाल्या. ओल धरू नये म्हणून जोड्यांच्या खोक्यांतल्या पांढऱ्या पुड्या कॅसेटींच्या मध्ये खोचलेल्या असायच्या. प्रत्येक कॅसेट तो स्क्रूड्रायव्हरने उघडून कापसाने पुसायचा. त्या मैफलीच्या नकला सापडायच्याही. पण दर वेळी पाठीवर त्याचंच तिरकं अक्षर असायचं. "ही नाही," तो म्हणायचा. "ही खराब आहे." मला एकही लावून दाखवायचा नाही. माझी निराशा त्याला बघवत नाही, असं मला वाटायचं, आणि मला त्याची दया यायची.

मग एके दिवशी जुन्या फिल्म साफ करून डिस्कवर काढणाऱ्या एका कंपनीची बाई त्याच्याकडे आली. मैफलीचं मूळ चित्रण तळघरात पाणी शिरून गेलं होतं. काकाने आपल्या नकलांपैकी सर्वांत चांगली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "मध्ये मध्ये तुटलंय. दुसरी कुठली प्रत मिळाली तर तेवढं जोडा." ती म्हणाली, "बघतो आम्ही." त्या 'बघतो'वर माझा काका दीड वर्ष जगला. त्या दीड वर्षात आई गेली. दहाव्या दिवशी काका माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "येतायत ग तुझे बाबा."

डिस्क आली त्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली आणि सकाळी अकराला त्याच्याकडे गेले. त्याने दाढी केली होती, धुवट सदरा घातला होता. खुर्चीवरच्या कॅसेटी उचलून माझ्यासाठी जागा केली. चित्र इतकं स्वच्छ होतं की तबल्यावरची बोटं मोजता येत होती. एक, दोन, तीन गाणी झाली. चौथ्याला मी खुर्चीच्या कडेला सरकले. पाचवं संपलं, गायकाने मान खाली घातली, चित्राला एक बारीकसा हिसका बसला आणि सहावं सुरू झालं.

"मागे घे," मी म्हणाले. त्याने घेतलं. मान, हिसका, सहावं. तीनदा बघितलं. मग काकाने रिमोट खाली ठेवला. पुढची गाणी वाजत राहिली. शेवटी अक्षरं आली. 'ज्यांनी जपलेल्या प्रतीमुळे ही फिल्म वाचली', असं लिहून खाली एकट्या काकाचं नाव.

"जोडलं नाही त्यांनी," काका म्हणाला.

"तुटलं कसं पण? नेमकं तिथेच?"

 मग त्याने सांगितलं. पॉजचं बटण, चिकटपट्टी, सगळं. मूळ कॅसेटवर त्याने ती खाणावळीची मालिका भरली होती. बाबा तेव्हा हयात होते. दुकानात येऊन नक्कल बघून हसले होते, "सख्ख्या भावाला कापलंस होय रे?" आणि हा म्हणाला होता, "लहानपणापासून मध्ये मध्ये करायची सवयच आहे तुला." त्यानंतर आठ महिन्यांनी बाबा गेले.

"तीस वर्षं मूग गिळून बसलास?" माझा आवाज इतका चढला की खालचं शिलाई मशीन थांबलं. "मी तुझ्याबरोबर माळ्यांवर चढले, काका! प्रत्येक वेळी तुला ठाऊक होतं!"

"वाटायचं, कुणीतरी विकत घेतलेली एखादी मूळ निघेल. निघाली की सांगायची वेळच येणार नाही."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

त्याला लागेल असं काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते, आणि सापडले तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून गिळले. उठले, पिशवी घेतली, दाराशी जाऊन चपला घातल्या. तिथून विचारलं, "कसे होते ते तरी सांग. तू तर पंधरा वेळा बघितलं असशील."

"सांगता नाही यायचं," तो म्हणाला.

मग खुर्चीच्या हाताला धरून तो उठला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला. कॅसेटींच्या दोन ढिगांमध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा होती, तिथे उभा राहिला. "गाणं संपलंय," तो म्हणाला. "सगळे टाळ्या वाजवतायत." आणि वाजवायला लागला, हात पार डोक्याच्या वर नेऊन. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. "आता सगळे थांबले." पण तो थांबला नाही. मान मागे टाकून, डोळे मिटून, एकटाच वाजवत राहिला. मग डोळे उघडले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, जीभ चावली, दोन्ही हात पटकन काखेत लपवले आणि खांदे उडवत हसला. ते हसू काकाचं नव्हतं.

मी चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीत बसले.

"परत," मी म्हणाले.